खोटी बटणं

"तिला एका पायावर कशाला उभं करताय?" शिंपी आजोबांनी बालवाडीच्या दारातूनच विचारलं.

नात जरा वेळ डगमगली आणि मटकन खाली बसली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आजोबांचा राग त्या वहीवरच होता. महिन्याभरात मोठ्या गटात कोण जाणार ते ठरायचं होतं, आणि नातीला मागे ठेवायचा बाईंनी चंग बांधलाय, अशी त्यांची खात्री होत चालली होती. पोरीला वीसपर्यंत आकडे तोंडपाठ. मग उड्या, मणी, कात्री हे नसते उद्योग कशाला? शाळा आहे की सर्कस?

"मला चार मणी दे गं," बाई म्हणाल्या. नातीने मूठभर मणी त्यांच्या हातावर ओतले.

"आकडे पाठ आहेत," बाई आजोबांना म्हणाल्या, "पण एकेक वस्तू उचलून मोजायची सवयच नाही बोटांना. घरी स्वतःचं काय काय करते? बटणं लावते?"

"लावते की!" आजोबा ठणकावून म्हणाले.

बाईंनी नातीच्या फ्रॉकचं बटण चाचपलं. काज नव्हतंच. पुढे पाच देखणी बटणं नुसती टाचलेली, आणि मागे उघडझाप करायला वेल्क्रोची चिकटपट्टी.

आजोबांचा चेहरा उतरला. आई-बाप पहाटेच कामावर जात. बटणांपायी रोज सकाळी रडारड व्हायची, ती त्यांना बघवत नसे. चाळीस वर्षं काजं केलेल्या माणसाने नातीसाठी ही युक्ती काढली होती.

"फार मायेने शिवलंय आजोबा," बाई हळूच म्हणाल्या. "पण या वयात हात चालतात तसं डोकं चालायला लागतं. तिच्या हातांचं काम तुम्हीच करून टाकलंत."

म्हणे हात आणि डोकं! आजोबा वाटभर पुटपुटत राहिले. बाईंनी आपल्यावर बालंट आणलं, असंच त्यांना वाटत होतं. पण कापडाचा पोत आपल्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतो, हेही त्यांना ठाऊक होतं. दुपारी त्यांनी चिकटपट्टी उसवली, मागची बाजू शिवून टाकली आणि पुढची बाजू उभी उघडून तिथे पाच काजं केली.

सकाळी नात फ्रॉक घालून खटपट करत बसली. पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं. आजोबांना ते दिसलं. त्यांचे हात शिवशिवायला लागले, तसे त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"एक... दोन... तीन... चार." ती थांबली. खालचं बटण चिमटीत धरून तिने वरच्या रिकाम्या काजाकडे पाहिलं. "आजोबा, एक उरलं."

त्यांचा हात नकळत पुढे गेला.

"तू नको," ती म्हणाली, आणि लावलेली बटणं एकेक करून काढायला लागली.

आजोबांना ते जरा लागलंच. बालवाडीची वेळ टळून गेली होती. त्यांनी हात परत मांडीखाली घेतला आणि ते बसून राहिले.