अठ्ठावन्न आणि तीस

निश शहरातून डॉक्टर हृदय तपासायचं यंत्र घेऊन आमच्या गावच्या दवाखान्यात आले, तेव्हा मी नवऱ्याला अक्षरशः ढकलत नेलं. दोब्रिवोये छातीत जळजळतं म्हणून कण्हत असायचा, पण तपासणीचं नाव काढलं की त्याला शेळ्यांच्या चाऱ्याची आठवण व्हायची. नर्स मला म्हणाली, "आलाच आहात तर तुम्हीही झोपा, आजी. फुकट आहे." म्हटलं, फुकट आहे तर होऊन जाऊ दे.

डॉक्टर आकडे सांगत होते, नर्स लिहून घेत होती. दोब्रिवोयेचे अठ्ठावन्न टक्के. माझे तीस. बाहेर रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. "गुरुवारी मी परत येतोय, तेव्हा सगळं नीट सांगतो," डॉक्टर म्हणाले. "दोघांनी या. टाळू नका."

'दोघांनी' म्हटल्यावर मी दोब्रिवोयेचा दंड घट्ट धरला. वाईट बातमी एकट्या माणसाला कुणी सांगत नाही.

टक्के म्हणजे काय ते आम्हाला शेजारच्या रादिसावमुळे माहीत होतं. त्याची नस ऐंशी टक्के बुजली होती, निशला नेऊन आत नळी बसवली म्हणून वाचला. तेव्हापासून तो गावाचा अर्धा डॉक्टरच झाला होता. कुंपणावरून ओरडला, "अठ्ठावन्न? अरे, साठ होते तेव्हा मी लग्नात नाचत होतो. पुढचं झपाट्याने वाढतं!"

"तोंड आवर मेल्या," मी म्हटलं.

"आणि तुझे किती, स्तानिया?"

"तीस."

"मग काय, तू आम्हाला सगळ्यांना पोचवून येणार!"

मला त्या तिसाची लाज वाटली. दोब्रिवोये घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

नेमके राकियाची दारू गाळायचे दिवस. आंबवलेल्या आलुबुखारांची पिंपं अंगणात भरलेली, आणि मी त्याला चमचासुद्धा उचलू देत नव्हते. बादल्या मी वाहिल्या, लाकडं मी फोडली, भट्टीपाशी मीच उभी राहिले. पाय सुजून बूट चढेनात, म्हटलं, दिवसभर उभं राहिल्यावर सुजणारच. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून उशा रचून बसल्या बसल्याच झोपायचे. म्हटलं, काळजीने होत असेल. त्याचा श्वास जरा हळू झाला की मी त्याच्या नाकापाशी हात धरायचे. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

"अगं, केवढ्या धापा टाकतेस," तो म्हणाला. "दे ती बादली."

"तुझ्या वाटणीचं ओढतेय म्हणून टाकते. गप पड तू."

गुरुवारी बसने निघालो. वाटेत दफनभूमी लागते. आमच्याकडे जिवंतपणीच करून ठेवतात तसा आमचा थडग्याचा दगड तिथे रस्त्याकडेलाच उभा आहे, दोघांचे चेहरे कोरलेला, जन्मसाल घातलेला, पुढची जागा कोरी. तेव्हा स्वस्तात झाला म्हणून किती मिरवलं होतं मी. आता खिडकीपाशी बसले आणि त्याला तो दिसू नये म्हणून डोक्यावरचा रुमाल सोडून नीट करत राहिले.

डॉक्टरांनी दोब्रिवोयेकडे बघून हसून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. जळजळ पोटाची आहे. तिखट कमी खा."

"पण अठ्ठावन्न टक्के बुजलंय ना?" मी विचारलं.

"बुजल्याचा आकडा नाही हो तो. हृदय रक्ताने भरतं, आणि दर ठोक्याला त्यातलं किती बाहेर ढकलतं, त्याचा आहे. पूर्ण रिकामं कुणाचंच होत नाही. पंचावन्न ते सत्तरच्या मध्ये असलं की छान."

मी रडले, आणि रडता रडता त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "सोंगाड्या! आयतं खात होतास! उद्यापासून लाकडं तूच फोडायचीस!" आणि पिशवी उचलून उठले.

"आजी, बसा," डॉक्टर म्हणाले. आता ते हसत नव्हते. त्यांनी वाकून माझ्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. "ही सूज कधीपासूनची?"

मी झगा खाली ओढून नडगी झाकली. दोब्रिवोये पुढे सरकला. "डॉक्टर," तो म्हणाला, "मग हिचे तीस..."

"कमी आहेत. फार कमी. औषधं आजच सुरू करायची आणि उद्या निशला दाखल व्हायचं. पुष्कळ सुधारतात माणसं. पण आता यांनी काही उचलायचं नाही."

माझ्या हातातली पिशवी दोब्रिवोयेने काढून घेतली. मी सोडत नव्हते, त्याने बोटं एकेक करून सोडवली.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "सरक. खिडकीपाशी मी बसतो."

"तुला खिडकीत ऊन लागतं."

"लागू दे."

बस दफनभूमीच्या वळणाला लागली. दोब्रिवोयेने उकाड्यात अंगात कोट चढवायला घेतला. दोन्ही हात पसरले, अख्खी खिडकी झाकली, आणि यंदाची आलुबुखारं किती गोड निघाली ते मोठमोठ्याने सांगू लागला. दगड मागे पडून बराच वेळ झाला तरी त्याला अस्तनी सापडत नव्हती.