ढिगाऱ्यावरून येणारा फोन

आमच्या रुचाचा फोन मातीच्या ढिगाऱ्यावरून यायचा. इंग्लंडातल्या त्या खेड्यात तिच्या घरात रेंज नाही, म्हणून ती रोज सकाळी ढिगाऱ्यावर चढणार आणि इकडे मेलबर्नजवळ वेरिबीत आम्ही दोघं संध्याकाळी फोनकडे डोळे लावून बसणार. ढिगारा म्हटलेलं तिला खपत नाही. नॉर्मन लोकांनी नऊशे वर्षांपूर्वी माती रचून टेकाड केलं, वर लाकडी किल्ला बांधला. लाकूड कधीच कुजलं. उरलं ते टेकाड आणि खालच्या आवाराभोवतीचा खंदक. त्यात मेंढ्या चरतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी हे मोजायला माझी लेक मेलबर्न सोडून गेली आणि कोविडमुळे तिकडेच अडकली.

माझा नवरा उल्हास पुण्यात असताना दर रविवारी कुठल्या तरी गडावर असायचा. त्यामुळे आमच्या नवरोबांना चेव चढायचा. "रुचा, पाण्याचं टाकं कुठंय? दरवाजा कुठल्या अंगाला?" मी म्हणायचे, आधी तिचं तोंड बघू दे. बारीक झालीय का, खोकतेय का, एवढंच मला हवं होतं. एकटी पोर. आजारी पडली तर पेलाभर पाणी कोण देणार? आम्हाला देशाबाहेर पडायची परवानगी नाही, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची सोय नाही. मी घरातल्या घरात येरझारा घालायचे, पुसलेला ओटा परत पुसायचे. तिची परतीची तीन तिकिटं एअरलाइनने रद्द केली. चौथं गुरुवारचं होतं.

मंगळवारी ती म्हणाली, "आई, मी येत नाहीये."

"परत कॅन्सल?"

"त्यांनी नाही. मी केलं."

माझं डोकंच फिरलं. "त्या ढिगाऱ्यासाठी? उद्या ताप आला तर मेंढ्या बघणार आहेत तुझ्याकडे?"

तिने फोन फिरवला. एक दाढीवाला उंच मुलगा चहाचे दोन मग सांभाळत, धापा टाकत चढ चढून येत होता. एक मग त्याने तिच्या हातात दिला.

"आई, हा ओवेन. मार्चमध्ये मला कोविड झाला होता. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. यानेच सगळं केलं."

उल्हासला टाकंही सुचेना न् दरवाजाही. मला राग आला, रडूही आलं. ताप किती चढला होता, एवढंच मी इंग्रजीत विचारलं.

रुचा आठवायला लागली. उत्तर ओवेनने दिलं.