लुगड्याचं दुसरं टोक

“ऐकलं का, निकितानं म्हणे लेकराला बाजेला बांधून—”

तेवढ्यात मागच्या स्टँडवर एसटीनं जो हॉर्न दिला, त्यात पुढचं सगळं बुडालं.

मी हबकलेच! कारण आमच्या गल्लीत बाज आता एकच उरलीय, आणि ती म्हणजे मी. बाकीच्यांच्या घरी लोखंडी पलंग आले. मी बोलतेय ती शांताक्काच्या दारातल्या लिंबाखालची बाज. लेकरू माझ्या पायाला बांधलं आणि मलाच पत्ता नाही? आणि सांगणारी प्रेमाबाई कुठं बसून सांगत होती म्हणाल, तर माझ्यावरच! एकीनंही वाकून खाली बघितलं नाही.

माझा जन्म जळकोटचा. शांताक्काच्या वडलांनी बाभळीचे चार पाय सुताराकडून घडवून घेतले, वर सुंभ विणलं आणि लेकीबरोबर मला इथं भूमला, तिच्या सासरी पाठवलं. सुंभ कधीच गेलं, आता नायलॉनची दोरी आहे. एक पाय जरा आखूड झालाय, त्याच्याखाली फरशीचा तुकडा असतो. पण मी अजून कुणाला पाडलेलं नाही.

मला गल्लीत मान आहे तो बाळंतिणींमुळं. कुणाच्या घरी बाळंतपण झालं की, “आक्का, बाज न्यावी म्हणते,” असं म्हणत माणूस येतो. दोघं मला उचलून नेतात, खाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी शेकायला मीच लागते. बाळंतीण उठली की मी धुऊन-पुसून परत लिंबाखाली येते. मग दुपारच्या बाया माझ्यावर बसतात. मला ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या घरी काय शिजलं ते मला आधी कळतं.

गल्लीतलं लेकरू रांगायला लागलं की आणखी एका कामाला माझी गरज पडायची. आईला खुरपायला जायचं असायचं, घरात दुसरं कुणी नसायचं. मग जुन्या लुगड्याचं एक टोक लेकराच्या कमरेला, एक माझ्या पायाला. समोर वाटीभर मुरमुरे. लेकरू रडायचं, मुरमुरे खायचं, माझं सुंभ चावायचं आणि तिथंच झोपायचं. माझ्या डाव्या पायाला त्या गाठींनी खाच पडलीय. सगळ्यात खोल काम प्रेमाबाईच्या अमरसिंहानं केलं. आता त्याला मिशा आहेत, पण तेव्हा बैलासारखा ओढायचा.

निकिता ही धुरपदाबाईची सून. एसटीत कंडक्टर. खाकी कपडे, गळ्यात पैशाची पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. आरोही झाली तेव्हा मी तिच्याकडंच होते. रात्री लेकरू पाजता पाजता ती स्वतःशीच गाड्यांची नावं घ्यायची, विसरू नये म्हणून. मला हसू यायचं. रजा संपली, ती कामावर गेली आणि गल्लीचा घास अडकला. नवरा रणधीर पवनचक्कीच्या कामावर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याच्याबद्दल कुणाचा घास कधी अडकला नाही.

तर त्या दुपारी झालं असं. हॉर्नच्या आधी प्रेमाबाईनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला होता. मालिकेत थोरली सून करणारी कोणी नटी. तिला एका पत्रकारानं विचारलं, “मॅडम, बाळाला कुणापाशी टाकून आलात?” ती म्हणाली, “माझा नवराही आज शूटिंगला गेलाय. त्याला विचारलं का हे? तो गेला की कामाला गेला, आणि मी आले की लेकरू टाकून आले, असं का?”

“वाघीण हाय बाई, वाघीण!” प्रेमाबाईनं तो पुन्हा पुन्हा लावला. बायांनी टाळ्या वाजवल्या, मी दणादण हलले. आणि टाळी वाजवलेला हात खाली यायच्या आतच तिनं निकिताचं काढलं.

हॉर्न थांबला तेव्हा ती सांगत होती, “परवा नळ आला त्या दिशी. म्या भिंतीवरून ह्या डोळ्यांनी बघितलं. लेकराच्या कमरेला लुगडं बांधलेलं, आन् लेकरू ही बोंब मारतंय! ही गेली ड्युटीवर.”

“मग बाज दिसली का तुला?” शांताक्कानं विचारलं.

“दुसरं टोक दाराच्या आत गेल्तं. तिकडं बाजच असंल की! दुसरं काय असतंय?”

“बाज हितं व्हती. माझ्या कुरडया वाळत व्हत्या तिच्यावर.”

“मग पलंग असंल! आक्का, तुमी लई खोलात शिरता.”

“आन् ती नटी वाघीण कशी गं मग?”

“नटीचं येगळं! तिच्याकडं चार बाया असत्यात सांभाळायला.”

मी लाकडाची, पण माझ्या अंगावर काटा आला. खाच माझ्या पायाला आहे, आणि विसरल्या त्या.

बोलणं गल्लीतून स्टँडवरच्या हॉटेलात गेलं, तिथून फोनवरून पवनचक्कीवर. शनिवारी दिवस मावळायला रणधीर आला तो फणफणतच. निकिता नुकतीच ड्युटीवरून येत होती. त्यानं तिला लिंबाखालीच अडवलं. बाया माझ्यावर होत्याच, कुणी उठल्या नाहीत.

“सोमवारी डेपोत जा आन् राजीनामा देऊन ये. कामावरची पोरं तोंडावर इचारायलेत मला, लेकरू बांधून ठिवतेत का तुमच्यात म्हणून!”

निकितानं पिशवी गळ्यातून काढली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण सरळ होता. “बांधलं व्हतं. व्हय, म्याच बांधलं.”

बायांनी माना पुढं काढल्या. माझी दोरी करकरली! लेकराला चार महिने माझ्यावर झोपवणारी ही बाई!

“बघा!” प्रेमाबाई म्हणाली. “म्या खोटं बोलत न्हाय कधी.”

“अहो, पण पुरं ऐका तरी—”

“काय ऐकू? राजीनामा म्हणजे राजीनामा!”

एवढा गोंधळ ऐकून धुरपदाबाई पलीकडच्या आपल्या घराच्या दारात आली. हातात घागर, कमरेला जुनं हिरवं लुगडं गुंडाळून गाठ मारलेली. ती पायरी उतरली आणि तिच्या मागून ते लुगडं ताणत ताणत आलं. लुगड्यामागून आरोही. रांगत, तोंडात लुगड्याची कड, गालभर लाळ.

दुसरं टोक आजीच्या कमरेला होतं!

“काय झालं गं? कोण भांडतंय?” धुरपदाबाई डोळे बारीक करून बघायला लागली. “रणधीरा, तूच हाईस का? आरं, ह्या डोळ्यात मोतीबिंदू. पलीकडचं माणूस वळखू येत न्हाय. नळ आला की हौद उघडा असतोय, लेकरू तिकडं रांगत गेलं तर मला दिसंल का? म्याच म्हणलं निकिताला, जाताना बांध हिला माझ्यासंगं. वढ बसली की कळतंय, कुठं चाललीय ते.”

“आन् बोंब मारत व्हती ती?” प्रेमाबाईनं शेवटचं विचारून बघितलं.

“हौदाकडं जाऊ देत न्हाय म्हणून! तुझा अमरसिंह काय गाणं म्हणत व्हता का?”

शांताक्का उठली. “प्रेमा, ऊठ. उतर खाली. हात लाव ह्या पायाला.”

प्रेमाबाईनं हात लावला. तिची बोटं बरोब्बर खाचेत बसली. तिनं हात काढला नाही.

“तवा तू रानात गेल्तीस. दुसरं टोक मान्साला व्हतं का लाकडाला?”

मग आक्का रणधीरकडं वळली. “आन् तू रं? त्या दिशी कुठं व्हतास?”

“कामावर, आक्का.”

“तुला कुणी म्हणलं का, लेकरू टाकून गेला म्हणून?”

“अगं बाई,” प्रेमाबाई हळूच म्हणाली, “ही तर त्या नटीचीच गोष्ट.”

“यव्वा! नटीनं म्हणलं की टाळ्या, आन् निकितानं तोंड उघडलं की राजीनामा व्हय?” आक्का कडाडली.

कुणी टाळी वाजवली नाही. रणधीर आईजवळ गेला. तिच्या कमरेची गाठ त्याला सुटेना. निकितानं दोन बोटांनी सोडली. ते टोक हातात धरून तो माझ्या कडेला टेकला, आणि आरोहीनं जी ओढ घेतली, की तो अर्धा उठलाच! “लई जोर हाय की हिला,” एवढंच म्हणाला. मग टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. गाठ वेडीवाकडी होती. तसाच तो लेकरामागं गल्लीभर फिरला.

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. रणधीर अजूनही पवनचक्कीवरच असतो आणि धुरपदाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. पण राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. सोमवारी निकिता खाकी घालून माझ्यासमोरून स्टँडकडं गेली.

मी आता थकलेय. दोरी सैल झालीय, मधे खोलगट झालेय. एखाद्या दिवशी चुलीत जाईन, त्याचं दुःख नाही. फक्त एक मागणं आहे, बायांनो आणि बाप्यांनो. माझ्यावर बसा, पोटभर बोला, मलाही करमतं. पण कुठल्याही आईबद्दल बोलायच्या आधी दाराच्या आत जाऊन दुसरं टोक बघून या.

प्रेमाबाई काल पुन्हा आली. आधी तिनं खाचेवरून हात फिरवला, मला बरं वाटलं. मग ऐसपैस बसली आणि शेजारणीच्या कानाला लागली.

“ऐकलं का, निकितानं म्हणे नवऱ्यालाच बांधून—”

आणि हॉर्न वाजला. पण या वेळी मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. अर्धं खरंच होतं ते.