जेवढे जिवंत तेवढेच

माणिकडोह धरणाच्या पाण्यात आमचे मालक खेकड्यांचे पिंजरे टाकतात. उजाडता उजाडता ते काढून आणतात, आणि निवडायचं काम माझं. चातुर्मासात मी खेकडा-मासळी खात नाही. पण धंदा घरचा, हात लावायला देवाची ना नाही. अंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, की मी पाटीपुढे बसते. पोटाखाली पिल्लं धरलेली मादी परत पाण्यात. लहान खेकडेही परत. मेलेला असेल तो खड्ड्यात. हे झाल्याशिवाय चहा घेत नाही. मधली दोन वर्षं पिंजरे रिकामेच येत, कारण सगळ्यांनी पिल्लांच्या माद्याही उचलल्या होत्या. आता आमच्या काठाला पुन्हा खेकडे दिसतात.

नारायणगावच्या आरतीताईंची खानावळ आहे. त्यांनी रविवारच्या जेवणासाठी चाळीस खेकडे सांगितले होते. "हे नीट झालं तर दर रविवारी तुमच्याकडूनच," म्हणाल्या. दोन दिवस जमवून चाळीस झाले. ओल्या गोणपाटाखाली ठेवून मी शनिवारी संध्याकाळी मारुतीला गेले.

घरी नवी सून हर्षाली होती. ती कळंबची, बागायतदाराची लेक. तिनं गोणपाट उचलून पाहिलं, तर खेकड्यांच्या तोंडाला फेस. तिला वाटलं, बिचारे तहानलेत. तिनं मोठा टप काठोकाठ भरला, चाळीसच्या चाळीस त्यात सोडले आणि वर झाकण ठेवलं. मी आले तेव्हा ती काही बोलली नाही, मीही झाकण काढलं नाही. माझीही चूकच.

सकाळी पाहिलं तर सत्तावीस मेलेले.

"आत्या, मला वाटलं तहानलेत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"अगं पोरी, मासा आन खेकडा एक न्हाई," मालक म्हणाले. "टपातल्या साचल्या पाण्यात गुदमरतो त्यो. ओल्या गोणपाटाखाली चार दिस ऱ्हातो." मग टपाकडे बघत हळूच म्हणाले, "रातच्यालाच मेलेत. नांग्या मोडून पिशवीत भरल्या, तर कुणाला कळतंय?"

मेलेला खेकडा किती लवकर बिघडतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण दर रविवारचं गिऱ्हाईक हातचं जात होतं.

"तुम्ही खाल का?" मी विचारलं.

"मी कशाला खाऊ?"

"मग झालं तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुदळ उचलली आणि खड्डा खणायला गेले. जाता जाता म्हणाले, "तुज्यापुढं मानूस खोटं बी बोलू शकत न्हाई राव!"

मी जिवंत खेकड्यांची पिशवी उचलली तर हर्षाली चप्पल घालून दारात उभी. "मी येते. माझ्यामुळं झालंय, मीच सांगते."

जुन्नरहून जीपनं आम्ही नारायणगावला पोचलो. आरतीताईंनी पिशवीत डोकावलं.

"तेरा? मावशी, फळ्यावर लिहून बसलेय मी! पंचवीस माणसं यायचीत. बाकीच्यांना काय नुसता वास देऊ?"

हर्षाली पुढे झाली. "ताई, मी टपात पाणी भरून ठेवले. बुडून मेले."

"खेकडा बुडून मेला?" आरतीताईंनी कपाळाला हात लावला. आत आचारी आदेश हसायला लागला. "कुठली गं तू?"

"कळंबची."

"तरीच! टोमॅटोला पाणी सोडायची सवय. आणि मेलेले कुठायत?"

"पुरले. मामांनी खड्डा खणला."

"सत्तावीसच्या सत्तावीस?"

"हो."

आरतीताई माझ्याकडे वळल्या. "गेल्या महिन्यात एकानं तोडलेल्या नांग्या आणून दिल्या होत्या. नाकाजवळ नेल्या आणि सगळं उकिरड्यावर टाकलं. गिऱ्हाइकाच्या पोटात गेलं असतं तर खानावळच बंद करायची वेळ." त्यांनी पळीच्या दांड्यानं एकेक खेकडा डिवचला. प्रत्येकानं नांगी उगारली. एकानं तर दांडाच धरला. तो सोडवता सोडवता त्यांना हसू आलं.

मग फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं: खेकड्याचा रस्सा, पहिल्या तेरा ताटांनाच.

"पुढच्या रविवारी चाळीसचा हट्ट नाही, मावशी. जेवढे जिवंत तेवढेच आणा. पण तुमच्याकडूनच घेणार. आणि हिलाही आणा. खेकडा बुडवणारी सून गिऱ्हाइकांना दाखवते."

"ताई!" हर्षाली लाजली.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. मला मटकीची उसळ-भाकरी वाढली, हर्षालीला खेकड्याचा रस्सा. तिनं वाटी पुसून खाल्ली.

"ताई, अजून थोडा रस्सा मिळेल?"

"चौदावा आणला असतास तर मिळाला असता," आरतीताई म्हणाल्या आणि तिची वाटी पुन्हा काठोकाठ भरली.