अडलेला नट

मित्रांनो, मी एक जुना दाब्या आहे. हे नाव तुम्हाला कोणत्याही दुकानात ऐकू येणार नाही, कारण ते मला गॅरेजमध्येच मिळाले. हाताएवढा लांब, आटे पाडलेला एक लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना आकडे आणि फिरवायला एक नट, एवढाच माझा देह. मला एक जुळा भाऊ आहे. मोटारीच्या चाकामागे जी जाड स्प्रिंग असते, तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघे आकडे अडकवून बसतो. पान्याने नट फिरवले की आकडे जवळ येतात, स्प्रिंग दबते आणि आतला शॉकअप, म्हणजे गाडीचे धक्के झेलणारा दांडा, बिनधोक काढता येतो. दबलेली स्प्रिंग निमूट दिसते, पण अचानक सुटली तर माणसाचे हाड मोडते. तो सगळा जोर आम्ही अंगावर घेतो.

असे दाबे बाजारात मिळतात. पण त्या काळात एक छोटी मोटार गॅरेजमध्ये येऊ लागली होती आणि तिच्या स्प्रिंगचे वेढे इतके जवळजवळ होते, की बाजारी आकडे त्यांत शिरतच नसत. गॅरेजचे मालक मिस्त्री दुकाने पालथी घालून रिकाम्या हातांनी परतले. त्यांची बायको म्हणाली, "मिळत नाही तर करा की! एरवी कारागिरीच्या एवढ्या गप्पा मारता."

झाले! ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा तापवून, ठोकून मिस्त्रींनी आमचे चपटे आकडे घडवले. ओळखीच्या लेथवाल्याने दांड्यांना आटे पाडून दिले. पुढे कितीतरी वर्षे आम्ही खपलो. दुसऱ्या गॅरेजचे लोक आम्हाला मुद्दाम बघायला येत. "माझ्या हातची चीज आहे," मिस्त्री सांगत, "माझ्यानंतरही चालेल."

एके दुपारी शेजारचा टायरवाला आम्हाला मागून घेऊन गेला. त्याच्याकडे एक अवजड मालवाहू व्हॅन आली होती. तिच्या स्प्रिंगसाठी आम्ही घडलेलोच नव्हतो. माझ्या बाजूला जास्त भार आला आणि मी मधोमध ताणला गेलो. लोखंड थोडे ताणले तर सोडल्यावर पूर्ववत होते. मर्यादेपलीकडे ताणले की होत नाही. मी केसभर लांब झालो आणि केसभर बारीकही. टायरवाल्याने मला स्वच्छ पुसले, तेल लावले आणि परत आणून दिले. "फार कामाला आला, मिस्त्री," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड नाही. बोलण्याचा माझ्याजवळ एकच मार्ग होता, तो म्हणजे नट. जिथे मी ताणलो होतो तिथे आट्यांमधले अंतर वाढले होते, आणि तिथे आला की नट अडू लागला. मिस्त्रींचा जावई नुकताच गॅरेजमध्ये काम शिकायला लागला होता. पूर्वी तो शिलाई यंत्रे दुरुस्त करत असे. त्याच्या बोटांना ते लगेच कळले.

"मामा, हा नट एकाच जागी अडतोय."

"गंज असेल."

"गंज दिसत नाही. आणि दुसऱ्याचा अडत नाही."

"जावईबापू, हे शिलाई यंत्र नाही, कान लावून ऐकत बसायला. डाय फिरवा, आटे साफ होतील."

जावयाने डाय उचलली. सासऱ्याशी वाद कोण घालणार?

डाय म्हणजे आटे कापणारी कडी. ती माझ्यावरून फिरली आणि जिथे नट अडत होता तिथलेच लोखंड खरवडून गेले. आता नट सुरळीत फिरू लागला. "बघा, झाला की नाही लोण्यासारखा!" मिस्त्री हसून म्हणाले. माझा एकुलता एक शब्द माझ्या जन्मदात्यानेच पुसून टाकला होता.

लगेच आम्हाला स्प्रिंगवर चढवले. जावई बेताबेताने पाना फिरवत होता, थोडा माझा नट, थोडा भावाचा.

"अहो, अशाने संध्याकाळ होईल. व्हा बाजूला," म्हणत मिस्त्री स्वतः बसले. त्यांचा उजवा हात स्प्रिंगलगत होता. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवले. पण प्रत्येक फेऱ्यासरशी मी मधे आणखी बारीक होत गेलो, आणि मी तुटलो. स्प्रिंग तिरपी उसळली. मिस्त्रींच्या उजव्या हाताची बोटे तिच्याखाली चिरडली.

मिस्त्री दवाखान्यातून घरी आल्यावर टायरवाला त्यांना भेटायला आला. जावयाने माझे तुकडे त्याच्यापुढे धरले. तुटल्या जागी दांडा मानेसारखा निमुळता झाला होता, म्हणजे मी आधीच कुठेतरी ताणला गेलो होतो.

"त्या दुपारी तुमच्याकडे मोठी व्हॅन उभी होती. हा तुम्ही तिला लावला होता?" जावयाने विचारले.

"एकदाच," टायरवाला खाली बघत म्हणाला. "पण पुसून, तेल लावून दिला होता, मिस्त्री."

मिस्त्री चिडले नाहीत. "तेल कशाला लावलंस रे," ते म्हणाले. "नुसतं तोंडानं सांगायचंस." मग जावयाकडे वळून हळूच म्हणाले, "आणि तुम्ही सांगितलंत, ते मी ऐकलं नाही."

म्हणून मित्रांनो, मागून नेलेली वस्तू नुसती चकचकीत करून परत देऊ नका. तिला काय सोसावे लागले, तेही सांगा. आणि एखादी वस्तू अडू लागली, कुरकुरू लागली, तर तिला गप्प करण्याआधी ती का अडते आहे, ते पाहा. आमच्याजवळ दुसरी भाषा नसते.

आज जावई नवी जोडी घडवायला बसला आहे. माझा एक तुकडा नमुना म्हणून ऐरणीशेजारी ठेवला आहे. आकड्याचा आकार त्याला दिसतो. पण पाटा किती लाल झाला की घाव घालायचा आणि तो किती जोराचा, हे त्याला कळत नाही. मिस्त्री सांगून पाहतात, पण ते त्यांच्या हाताला ठाऊक होते, तोंडाला नाही. ते बांधलेला उजवा हात उचलतात, क्षणभर हवेत धरतात आणि मांडीवर ठेवतात. ते सगळे घाव माझ्या अंगात आहेत. मी इथे, वीतभर अंतरावर पडलो आहे. पाटा पुन्हा काळा पडत चालला आहे.