पट्टी सोडलेला रोबो

सकाळी साडेनऊला, शाळेच्या सभागृहात, रंगीत तालमीच्या वेळी मी वळणावर काळी पट्टी सोडली आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळलो. पाहुणे यायला तासाभराचा अवकाश होता.

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. माझी चाकं एका मोडक्या खेळण्यातली, अंग डब्याच्या झाकणाचं. पोटाखाली दोन डोळे आहेत, ते फक्त जमीन पाहतात. पांढऱ्या फरशीवरून उजेड परत येतो, काळ्या पट्टीवरून येत नाही. त्यावरून मी माझी वाट ओळखतो. हे मला शिकवलं सातवीतल्या एका मुलीनं. जे दिसेल ते मोजायची तिची खोड, म्हणून वर्ग तिला मोजपट्टी म्हणे. माझा प्रोग्रॅम तिनंच लिहिला.

तेव्हा रोबोच्या वर्गात मी रोज धडकायचो. टेबलाच्या पायाला, केराच्या टोपलीला, एकदा तर विज्ञानाच्या सरांच्या चपलेला. मुलं खो खो हसायची. सर म्हणायचे, "हसा पोटभर! पण आधी सांगा, का धडकला?" मग सगळी पालथी पडून माझ्या पोटाखाली बघायची, भांडायची, प्रोग्रॅममधले आकडे बदलायची. एरवी तोंड न उघडणारी मोजपट्टी या तासाला दुसऱ्या कुणाला बोलू द्यायची नाही.

सभागृहातही कारण तिनंच शोधलं. जमिनीवर बोट फिरवून ती म्हणाली, "सर, पाहुण्यांसाठी फरशीला पॉलिश मारलंय ना, ते पट्टीवरूनपण मारलंय. काळंही चमकतंय. याला सगळं पांढरंच दिसतंय. आकडा बदलते, पाच मिनिटं द्या."

"आता प्रयोग नकोत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पाहुणे खूश झाले तर नवे रोबो देणार आहेत. सर, काहीतरी करा."

सरांनी केलं. माझ्या पुढच्या बाजूला बारीक नायलॉनचा दोरा बांधला, मला वळण ओलांडून पुढच्या सरळ पट्टीवर ठेवलं आणि दोऱ्याचं टोक पडद्यामागे मोजपट्टीच्या हातात दिलं.

"आणि वळण?" तिनं विचारलं.

"वळण कोण बघतंय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हलला म्हणजे झालं. जमत नसेल तर सोमवारपासून रोबोच्या वर्गाला येऊ नकोस."

"पण सर, तुम्हीच म्हणायचात ना..."

"ओढ गं," सर म्हणाले. "डोकं चालवू नकोस."

पाहुणे आले. मोजपट्टीनं दोरा ओढला. माझ्या पोटातली दातेरी चाकं प्लास्टिकची आहेत. मोटार बंद असताना मला असं फरफटवलं, की त्यांचे दाते मोडतात. ते एकेक करून मोडले. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मोजपट्टीच्या बोटांना मात्र दोऱ्यातून कळलं आणि ती थांबली. शेजारी उभ्या सरांनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि ओढलं.

"शाब्बास!" पाहुणे तिला पडद्यापुढे बोलावून म्हणाले. "कसा गं चालवलास?"

"चालला नाही तो. दोरा बांधून ओढलाय."

पाहुणे गडगडून हसले. "भारीच मिस्कील आहे हो तुमची मुलगी!" सगळं सभागृह हसलं. मुख्याध्यापिका सर्वांत मोठ्यानं हसल्या. सर फरशीकडे बघत राहिले.

सोमवारी मोजपट्टीला वर्गाच्या दारातूनच परत पाठवलं.

मला मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवलंय. खाली पाटी आहे, 'शाळेचा अभिमान'. कपाटाची काच रोज लख्ख पुसतात. लहान मुलं नाकं चिकटवून विचारतात, "हा चालतो का हो?" "हात लावायचा नाही," सर म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला धडकू द्या. मोडला तर उघडा, आत बघा, चुकीचा जोडलात तर पुन्हा सोडवा. कपाटात मात्र ठेवू नका.

आज दुपारी नवे रोबो आले. खोकी मुख्याध्यापिकांच्या खोलीत आहेत, सीलबंद. मघाशी सर आत गेले.

"त्या मुलीला वर्गात परत घेऊ या," त्यांचा आवाज आला.

"पुढच्या महिन्यात पुन्हा पाहुणे आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तेव्हा ती काय बोलेल, याची हमी तुम्ही देता?"

सरांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. दार लोटलेलंच आहे. मोजपट्टी बाहेर, माझ्या कपाटाशेजारी, त्या दाराकडे बघत उभी आहे.