किर्शे की किर्ह्ये

रोस्विथा बोलायची थांबली त्याला बावीस दिवस झाले होते आणि तिचा नवरा एंगेलबर्ट पार कावून गेला होता. एवढी गप्प बायको त्यानं एकेचाळीस वर्षांच्या संसारात कधी पाहिली नव्हती.

मार्चमध्ये तिला मेंदूचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, जीभही बरीचशी वळू लागली. फक्त एक आवाज परत आला नाही. जर्मनमध्ये 'मी'ला 'इह्य' म्हणतात, त्यातला तो शेवटचा 'ह्य'. जीभ टाळूपाशी न्यायची, पण टेकवायची नाही, आणि मधून नुसता श्वास सोडायचा. मांजर फिस्कारतं ना, तसा. रोस्विथा 'इह्य' म्हणायला जाई आणि तोंडातून 'इश' निघे. दोन दिवस तिनं ते ऐकून घेतलं आणि मग तोंडच मिटून टाकलं.

दुसऱ्या कुणाचं यानं काही अडलं नसतं. ऑइस्किर्ह्येन गावात झाडून सगळे 'इश'च म्हणतात. चर्चला म्हणायचं 'किर्ह्ये' आणि चेरीला 'किर्शे', पण इथल्या तोंडी दोन्ही 'किर्शे'. गावाच्या नावातच चर्च आहे, तर ही मंडळी तिथंही चेरी घालतात. रोस्विथा मात्र हानोव्हरकडची, जिथली जर्मन सगळ्यांत शुद्ध समजतात, आणि कोलोनच्या एका नाट्यशाळेत तिनं उभा जन्म मुलांना उच्चार शिकवण्यात घालवलेला. तिच्या कानाची तर गोष्टच वेगळी. नव्या मुलानं स्वतःचं नाव सांगितलं, की तो ऱ्हाईनच्या अलीकडचा की पलीकडचा हे ती सांगून मोकळी व्हायची.

घरीही शिकवणीला मुलं येत. खाली बेकरीत कणीक मळताना एंगेलबर्टला वरचं सगळं ऐकू येई. "शीळ घालायला करतोस तसे ओठ कर, आणि आतून 'ई' म्हण. झालं." "'बूख'मधला 'ख' घशातून काढ. पण हळू, तुला खोकला झालेला नाही." ऐकता ऐकता त्याचा ऊर अभिमानानं भरून येई. नवऱ्यालाही ती सोडत नसे. रविवारी त्यानं कोट चढवला की हिचं सुरू, "कुठं निघालास? चर्चला की चेरीला?" तो म्हणे, "माझी जीभ मला आईनं दिलीय, मी ती बदलायचा नाही." मग चर्चपर्यंत दोघांचं मजेत भांडण चाले.

आता रविवारी कुणीच काही विचारत नव्हतं.

झटका आलेल्यांना परत बोलतं करणारी सेव्दा ही एके काळची रोस्विथाचीच विद्यार्थिनी. त्या गुरुवारी दुपारी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शब्दांची कार्डं मांडली, बराच वेळ वाट पाहिली आणि पुन्हा गोळा केली. मग दाराशी येऊन एंगेलबर्टला म्हणाली, "बाईंना बोलता येत नाही असं नाही. बाईंना चुकायचं नाहीये. पण असंच चाललं तर आलंय तेही जाईल. तुम्ही काहीतरी करा."

"मी काय करणार पोरी? मी पाव भाजणारा माणूस."

असं म्हणाला खरा, पण आत गेला. बायकोसमोर बसला, तिचा हात उलटा करून आपल्या ओठांपुढे धरला. ती मुलांना श्वास कळावा म्हणून असंच करायला लावायची. आणि तो म्हणाला, "इह्य."

आवाज स्वच्छ होता, हानोव्हरच्या माणसानंही वळून बघावं असा. सेव्दाच्या हातातली कार्डं जमिनीवर पडली.

"तीस वर्षं येतंय मला," एंगेलबर्ट खाली बघत म्हणाला. "तू वर मुलांना शिकवायचीस, मी भट्टीपुढं म्हणून बघायचो. तुला सांगितलं नाही. म्हटलं, हिला कळलं तर ही माझ्याशी भांडायची बंद होईल."

रोस्विथाचे डोळे भरून आले. ओठ मात्र मिटलेलेच राहिले.

एंगेलबर्टची आता पुरती धांदल उडाली. काहीतरी करायचं म्हणून तो उठला, सकाळी भाजलेला चेरीचा केक घेऊन आला आणि एकेक शब्द तोलून, अगदी नाटकातल्यासारखा म्हणाला, "हा बघ. तुझ्यासाठी किर्ह्येचा केक केलाय."

म्हणजे चर्चचा केक. इकडच्या माणसाचं हे असंच होतं. आवाज कसाबसा शिकतो, पण तो कुठं घालायचा हे कळत नाही आणि शुद्ध बोलायच्या भरात चेरीचंही चर्च करून ठेवतो.

रोस्विथाच्या कपाळाला आठी पडली. तिनं केककडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. हे काही तिच्यानं सोसवेना.

"किर्शे," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, पण शब्द चोख. चेरीतला 'श' तिचा कुठं गेला होता?

"काय म्हणालीस?" एंगेलबर्टनं जपून विचारलं.

"किर्शे म्हण," बोट उगारून ती म्हणाली. "किर्शे नव्हे."

दोन्ही एकच आले. तिचं तिलाच ते ऐकू गेलं आणि बोट तसंच हवेत राहिलं. आता बाई पुन्हा मिटणार, असं सेव्दाला वाटलं.

"बरोबर आहे," एंगेलबर्ट म्हणाला. "एकेचाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"

रोस्विथा हसायला लागली. हसता हसता रडली, मग नाक पुसून खुर्चीत ताठ बसली आणि आपला हात उलटा करून त्याच्या ओठांपुढं धरला.

"परत म्हण," ती म्हणाली. "मला शिकव."